सावंताचा बांगडा, माझा बांगडा

बांगड्यावरून माणूस जळतो का? मी जळलो, म्हणून सांगतो. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली केतकी माशांवर संशोधन करते. दिसायला सगळे बांगडे सारखेच, पण वेगवेगळ्या समुद्रांतल्या बांगड्यांची आनुवंशिक घडण वेगळी असते का, ते ती तपासते. शेजारच्या सावंताने तिला देवगडचे बांगडे आणून दिले आणि महिनाभर "माझा बांगडा लॅबमध्ये आहे" असं सांगत फिरला, जणू पोरगा अमेरिकेत आहे.

मी म्हटलं, आमच्या मालवणचे मी आणतो. गेलो, तर वाऱ्यामुळे एकही होडी समुद्रात उतरली नाही. परत येऊन मुलुंडच्या बाजारातून चार बांगडे घेतले. दोन "मालवणचे" म्हणून केतकीला दिले, उरलेल्या दोन बांगड्यांचं तिखलं करून सावंताला जेवायला बोलावलं.

दोन महिन्यांनी केतकी धावत आली. "काका, तुमचे बांगडे सावंतकाकांच्या बांगड्यांपेक्षा एकदम वेगळे निघाले! उद्याच मालवणला निघते."

सावंत माझ्याकडेच बसला होता, त्याचा चेहरा उतरला. "तरीच रे परब, त्या दिवशी चव वेगळी लागली. आमच्या देवगडला ती नाही."

तो गेल्यावर मी केतकीला खरं सांगितलं. तिने बाजारात चौकशी केली. कोळीण म्हणाली, "ते चेन्नईचे, बर्फातले." केतकी अजून माझ्याशी धड बोलत नाही.

सावंताला मात्र यातलं काही ठाऊक नाही. परवा हळूच म्हणाला, "गावी गेलास तर माझ्यासाठी चार बांगडे आण ना."

आणतो म्हटलं. बाजार पाच मिनिटांवर आहे.