स्तानाने दार उघडलं

हॅलो? …हो, बोल नेवेंका. …नाही गं, कामात कसली, मिरच्या भाजतेय. यंदाची आयवारची चटणी करायची राहिलीय ना… मोठ्या लाल मिरच्या, आठ किलो आणल्यात. …हो, झालं आज रेकॉर्डिंग. …अभिनंदन कसलं करतेस? अगं ऐक तरी आधी.

तुला तो कॉम्प्युटरवरचा पहिला खेळ आठवतो ना, आठ वर्षांपूर्वीचा? …हो, तोच, तुझी तियाना जेवायलासुद्धा उठायची नाही तो. त्यातली स्ताना मास्तरीण, माझ्या आवाजातली. …बरोबर, शाळेच्या तळघरात पोरं लपवते ती. शत्रूचे शिपाई मार मार मारतात, पण एका पोराचं नाव सांगत नाही. …हो ना. नाटकात तीस वर्षं काढली मी, पण बाजारात लोक थांबवतात ते स्ताना म्हणून. झ्रेन्यानिन गावची एक मुलगी तर नाटकघराच्या दाराशी येऊन उभी होती. आई गेल्यावर महिनाभर नुसतं स्तानाचं बोलणं ऐकत बसायची म्हणे.

तर आता दुसऱ्या भागात बाई काय करते माहितीये? स्वतःच तळघराचं दार उघडते. पोरं देऊन टाकते शिपायांना. …का म्हणजे? तेच तर मी विचारलं.

लेखक नवा आहे. …छे, पहिला भाग लिहिणाऱ्या बोगोल्युबला काढलं केव्हाच. हा तिशीचा असेल, नम्र आहे, मला कॉफीबिफी आणून दिली. म्हटलं, बाबा रे, ही असं का करते? भुकेनं? भीतीनं? तिच्या पोटचं कुणी अडकलंय? एक वाक्य दे मला, एकच. तर म्हणाला, "देसांकाबाई, कारण नाही म्हणूनच तर लोकांना धक्का बसेल." …हो, अस्संच. पहिला भाग खेळलायस का विचारलं, तर म्हणे सारांश वाचलाय.

…उठले ना. बाहेर जिन्यात बसले तासभर, कोट घालून. मग दिग्दर्शिका आली, शेजारी बसली. म्हणाली, तुम्ही नकार दिलात तर दुसरी कुणी आवाज देईल, दार काही बंद राहणार नाही. …तू काय केलं असतंस? …हं, फोनवर म्हणायला सोपं असतं गं.

मला वाटलं, शब्द बदलता येत नाहीत ना, मग आवाजात तरी काहीतरी घालीन. म्हणून गेले आत. 'घेऊन जा', एवढंच वाक्य. त्याआधी मी थांबले. नुसता श्वास घेत राहिले… काचेपलीकडे रेकॉर्डिंगच्या यंत्राशी बसलेल्या मुलीनं मान खाली घातली. …नाही, नाही ठेवलं ते. फार वेळ जातो म्हणे, चित्रातले ओठ आधीच हलवून झालेत. पुन्हा म्हटलं. पुन्हा. पाचव्यांदा तो लेखक म्हणाला, जरा हसून म्हणून बघा.

…म्हटलं. हसून म्हटलं. …नेवेंका, मला जमलं गं. तेच वाईट आहे. इतकं छान जमलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

…थांब, मिरची जळतेय. …हं, बोल. …नाही, खेळातून माझं नाव काढून टाका वगैरे काही नाही म्हटलं. सही करून आले मुकाट्यानं. …तियानाला मी सांगते. नाही, नको… तूच सांग.

…बोगोल्युबला? केला ना फोन, घरी आल्याआल्या. म्हटलं, चारचौघांकडून कळण्यापेक्षा… मागे त्याचा कुत्रा भुंकत होता, त्याला गप्प बसही म्हणाला नाही. मग एवढंच विचारलं, "दार उघडताना निदान रडली का ती?"

…मी काय सांगणार? हो म्हटलं. रडली म्हटलं.

…हं. …ठेवते आता.