ही ओळ हलवू नका

हॅलो?… हां आई, बोल… नाही, जेवले नाही अजून. थांब, जरा जिन्यात येते, इथे सगळे कान टवकारून बसलेत… हं. आता बोल. पण जिन्यात रेंज धड नसते, मध्येच तुटलं तर घाबरू नकोस.

नाही. नाही झालं काही… अगं, 'बघते' म्हणाले होते मी, 'करते' नव्हते म्हणाले… बरं, 'करते' म्हणाले असेन.

बाबांच्या कानातल्या मशीनची अजून शिट्टीच वाजते का?… घातल्या घातल्या?… आणि माणसाचा आवाज?… काहीच नाही. नुसती शिट्टी… काढून डबीत ठेवलं ना? मग राहू दे डबीतच… नको, बॅटरी बदलू नकोस, बॅटरीचा काही संबंध नाही… आई! कापसाने पुसायचंही नाही. मळाचा प्रश्नच नाहीये तो.

अगं, तुझी काय चूक त्यात? कानाचं मशीन सगळेच साफ करून आणतात. तू पाठवलंस, बाबा गेले. दुकानातल्या माणसाने साफ केलं आणि वर 'नवीन सॉफ्टवेअर आलंय, फुकट आहे' म्हणून तेही घालून दिलं. त्याला तरी काय बोलणार? आमच्याच ऑफिसातून आलं होतं ते… हो, आमच्याच. मशीन आमच्या कंपनीचं, आतलं सॉफ्टवेअर आमचं… हो गं बाई, मीच लिहिलंय. बरंचसं… मग? आता 'मग' काय!

सांगते, पण मध्ये बोलायचं नाही… हे बघ, बोललीस… ऐक ना.

सॉफ्टवेअर म्हणजे शेकडो फाइली असतात. कुठली फाइल कुठल्या फोल्डरात, कशाला काय नाव द्यायचं, कुठली ओळ कुणाच्या आधी, हे सगळं आधी ठरवून ठेवावं लागतं. आम्ही लिहितो सी भाषेत, तिथे तर फारच. ती भाषा स्वतःहून काही विचारत नाही, सांगाल ते मुकाट्याने करते… हो, माझ्यासारखी नाही. कळलं.

तर जुन्या मशीनचा एक फोल्डर, नव्याचा एक, आणि दोघांना लागणारं तिसऱ्यात… हां, तुझ्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांसारखंच, चल. त्या तिसऱ्यात 'कॉमन' नावाची फाइल. आवाज किती वाढवायचा, कुठे थांबवायचा, असे आकडे तिच्यात. पण ते नव्या मशीनला चालतील असे. जुन्या मशीनचे, म्हणजे बाबांच्या मशीनचे आकडे वेगळे, ते 'ओल्ड' नावाच्या फाइलीत. आणि आमच्याकडे पहिल्यापासून ठरलेलं, जुनं मशीन बनवताना आधी 'ओल्ड' वाचायची, मग 'कॉमन'. आधी आलेला आकडा धरायचा, नंतरचा सोडून द्यायचा… का म्हणजे? तशीच पद्धत होती आमची. सगळ्यांना माहीत होतं. वर टीपसुद्धा होती, 'ही ओळ हलवू नका'.

आणि मग आले इस्त्री… अगं, नवे साहेब. कंपनी विकली ना, नव्या मालकांनी पाठवले ते… नाही गं, आडनाव नाही ते, आम्ही म्हणतो. त्यांना सगळं इस्त्री केल्यासारखं लागतं. कंस एका रेषेत हवेत, नावं एका पद्धतीची हवीत, ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागासुद्धा सगळीकडे सारखी… नाही, वाईट काही नाही त्यात. मी तरी काय, याच्यावरून टीमला सळो की पळो करून सोडायची. नीटनेटकं असावंच. पण ह्यांनी एक प्रोग्रॅम चालवला आणि प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर 'आधी हे वाच, मग ते वाच' अशा ज्या ओळी असतात ना, त्या सगळ्या अक्षरांच्या क्रमाने लावून टाकल्या. एका फटक्यात… बरोब्बर! कॉमनचा सी आधी, ओल्डचा ओ नंतर… हो आई. बाबांच्या मशीनने नव्या मशीनचे आकडे धरले. एवढंच झालं.

टीप? टीप राहिली जिथल्या तिथे. आता भलत्याच ओळीच्या डोक्यावर बसलीये, 'ही ओळ हलवू नका' म्हणत… हस. मलाही हसू आलं आधी. मग बाथरूमचं दार लावून रडले.

कुणी पाहिलं कसं नाही? अगं, नव्या मशीनवर पाहिलं, झकास चाललं. जुनं तपासायचं टेबलच राहिलं नाहीये आता. तिथे कॉफीचं मशीन ठेवलंय.

केली ना दुरुस्त! माझ्याकडच्या प्रतीत ओळ वर नेली, झालं काम. तुझा चहा होईपर्यंतचं काम ते… अगं, पण बाबांच्या मशीनमध्ये जाणार कशी? कंपनीची मोहोर लागते तिच्यावर… रबरी शिक्का नाही गं, कॉम्प्युटरमधलीच असते. ती उठल्याशिवाय मशीन काही आत घेतच नाही. आणि मोहोर इस्त्रींच्या हातात.

गेले होते की. आज सकाळीच गेले… नाही, ओरडले वगैरे नाहीत. चांगलं बोलतात ते, तोच तर वैताग आहे. बसा म्हणाले, पाणी मागवलं. चूक झाली हे खरं, म्हणाले. पण ते मॉडेल आता बंद, त्याचा फोल्डरही काढून टाकलाय, त्यासाठी माणूस देता येणार नाही. म्हटलं, माणूस नकोय मला, सगळं तयार आहे, फक्त मोहोर द्या. तर म्हणे, मोहोर दिली की जबाबदारी कंपनीची, मग पूर्ण तपासणी करावी लागेल. आणि तपासायला टेबल नाही… हो, कॉफीचं मशीन… सांगितलं ना. 'माझे वडील वापरतात ते,' असंच सांगितलं. मग म्हणाले, नव्या मशीनवर सूट देतो.

हो, सूट… काय बोलणार होते मी? 'थँक्यू' म्हटलं.

आधीचं होतं ते परत? तेही नाही होत. मशीन पुढचंच घेतं, मागचं घेत नाही. कुणी भलतंसलतं घालू नये म्हणून… नवं घेऊन उपयोग नाही आई. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं आठवतं ना तुला? बाबांचं ऐकणं नव्या मशीनच्या आवाक्याबाहेर आहे. ते दिसायला नाजूक, ताकद कमी… दुसऱ्या कंपन्यांचीही बघितली. बाबांचे रिपोर्ट घेऊन सगळी दुकानं पालथी घातली. बघतात आणि मान हलवतात… ऑपरेशनचं नाव नको काढूस. हृदयाचे डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंयस माझ्या शेजारी बसून.

नोकरी सोडून काय होणार? सोडली तर मला त्या इमारतीत पाऊलसुद्धा टाकता येणार नाही… ओळखी? वर कोण बसलंय तेच ठाऊक नाही कुणाला. मेल पाठवले की 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असं आपोआप उत्तर येतं.

…

आई?… रडतेस का?… घसा बसलाय. बरं. ओरडून ओरडून बसणारच… लिहून दाखव ना… हो, चष्मा शोधेपर्यंत तुझं सांगायचंच राहून जातं. कळतंय…

काय म्हणालीस?

…मग तू कुणाशी बोलायचं.

माझ्याशी बोल. रोज करत जा फोन… ते तसं नाही, माहितीये मला. दुधाचं पातेलं उतू गेलं तर ते सांगायला कुणी फोन करत नाही.

बाबा काय करतायत?… रेडिओ? मशीन न घालता?… आवाज इथपर्यंत येतोय मला… हात ठेवून बसलेत? रेडिओवर?… नको, बंद नको करूस. बसू दे.

काय?… माझाच फोन आहे हे कसं कळलं त्यांना?… तुझ्या तोंडावरून. हं… नको, नको देऊस. अगं, काय ऐकू येणार आहे त्यांना, उगीच… आई, ऐक ना… आई…

बाबा?… हो, मीच… बाबा, येतंय ऐकू?… नुसतं 'हो, हो' नका म्हणू. मी काय म्हणाले, सांगा बरं… 'जेवलो'. बरं. छान केलंत.

बाबा, ते मशीन आता नीट नाही व्हायचं… हो… सगळं करून बघितलं मी. एक ओळ होती हो, बाबा. एक ओळ नुसती खालीवर झाली, आणि मला ती परत जागेवर ठेवू देत नाहीयेत… 'वा, वा'. हं.

काय?… काय सांगू साहेबांना?… मशीन छान चाललंय? सगळं ऐकू येतंय तुम्हाला?… अहो, डबीत आहे ते… हो… नाही, मला कुणी रागावलेलं नाही, कोण म्हणालं?… बरं. बरं बाबा, सांगते साहेबांना. माझे वडील खूश आहेत म्हणून सांगते.

चला, ठेवू का आता?… ठेवते म्हटलं… बाबा, मी फोन ठेवतेय… आईला द्या बघू. आईला… कुठली शाळा?… मी चौथीत असताना? घोडा झाले होते मी? नाटकात?… आठवतं ना, पुठ्ठ्याचं तोंड होतं… नाही, शेपूट तुम्ही शिवलं होतं, आईने नाही… बोला. बोला तुम्ही, मी कुठे जात नाही… हं… मग?… आणि पहिल्या रांगेत कोण…

बाबा?

हॅलो?… हॅलो, बाबा?

गेली रेंज… आणि ते तिकडे बोलतच असतील अजून.