दुसऱ्यांनी जमवलेला संकर

सिरिल : खालून तोडलेस ना? वरच्यांना हात नाही ना लावलास?

जिलियन : खालूनच तोडले, बाबा. अंगठ्याने बाजूला दाबून, तुम्ही सांगितलंत तसे. बोटं बधिर झालीत माझी. जरा सरका, किटलीजवळ हात शेकू दे.

सिरिल : पानांवर हिम होतं?

जिलियन : पांढरं फटक. बुटांखाली गवत करकरत होतं.

सिरिल : मग गोड असतील. थंडी खाल्ल्याशिवाय ही जात गोड होत नाही.

जिलियन : पण हे आहे तरी काय? ब्रसेल्स स्प्राउट म्हणावेत तर छोट्या कोबीसारखा गड्डा वळलेला नाही. केलची पालेभाजी म्हणावी तर खोडाला ओळीने चिकटलेत. बाहुलीच्या झालरीसारखी पानं, त्यात अर्धी जांभळी.

सिरिल : दोन्हींचा संकर आहे. स्प्राउटचा आणि केलचा.

जिलियन : थांबा. म्हणजे तुम्ही बियाणं कंपनीत करत होता, तेच?

सिरिल : आमचं नाही. आमचं जमलंच नाही. हे दुसऱ्यांचं. कॅटलॉगात दिसलं, एक पाकीट मागवलं. एप्रिलमध्ये खिडकीत पेरलं, जूनमध्ये बाहेर लावलं.

जिलियन : ज्यांनी तुम्हाला मागे टाकलं, त्यांचं बी विकत आणून लावलंत?

सिरिल : मग काय फुकट देणार होते? ते पाणी कशाला ठेवतेस?

जिलियन : उकडायला.

सिरिल : उकडायचे नाहीत! चिखल होईल. तवा चांगला तापव. लोणी घाल, थोडं बेकन घाल, लसूण घाल. वर हे टाक आणि चार मिनिटं हलव. बस्स.

जिलियन : हुकूम, साहेब. आधी धुते. पांढरी माशी आहे आत.

सिरिल : दोनदा धू. तिसऱ्यांदा मीठ घालून धू.

जिलियन : अकरा वर्षं, बाबा. अकरा वर्षं दर रविवारी तुम्ही काचघरात. हातात कुंचला, एका फुलावरचे पराग दुसऱ्यावर, मग कागदी पिशवी बांधायची, चिठ्ठी लावायची. मला सायकल शेजारच्या मिस्टर थर्कल यांनी शिकवली. आठवतं?

सिरिल : आठवतं. फुलं रविवार बघून थांबत नाहीत, असं मी तुझ्या आईला म्हणायचो.

जिलियन : आणि आई काय म्हणायची?

सिरिल : आई काही म्हणायची नाही. दर हिवाळ्यात मी नमुने घरी आणायचो, ती मुकाट्याने शिजवायची आणि खायची. कंपनीत सगळे म्हणायचे, वा, काय गोडी आहे! अकराव्या वर्षी तिने काटा खाली ठेवला. म्हणाली, "सिरिल, हे कडू आहे. पहिल्यापासून कडूच आहे."

जिलियन : मग?

सिरिल : मग काय. सोमवारी जाऊन तेच साहेबांना सांगितलं. उन्हाळ्यापर्यंत सगळं काम गुंडाळलं. जिल, मीठ घातलंस तू मघाशी.

जिलियन : घातलं?

सिरिल : दोनदा घातलंस. आता तिसऱ्यांदा घालत होतीस. बस जरा. तवा मी बघतो.

जिलियन : तुम्ही उभे राहू नका.

सिरिल : चार मिनिटं उभा राहू शकतो मी. काय झालंय?

जिलियन : काही नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात दोघीजणी रजेवर आहेत. तीनशे मुलांचं जेवण आम्ही तिघी काढतो. शनिवारी घर आवरायचं, रविवारी सकाळी शेफील्डहून इकडे यायचं. एवढंच.

सिरिल : एवढंच नाही.

जिलियन : आज हायवेवर डोळा लागला माझा. क्षणभरच. ट्रकवाल्याने भोंगा दाबला म्हणून जाग आली, बघते तर निम्मी गाडी त्याच्या लेनमध्ये. पुढे बाजूला थांबवली आणि रडले. मग तोंड पुसलं, इथे आले.

सिरिल : आणि आल्या आल्या मी तुला बाहेर थंडीत पाठवलं.

जिलियन : तुम्हाला कुठे माहीत होतं.

(सिरिल दोन ताटल्यांत भाजी वाढतो. दोघे खातात.)

सिरिल : कडू नाही.

जिलियन : नाही. खारट आहे थोडी. पण छान आहे.

सिरिल : मागे थोडी शेंगदाण्यासारखी चव लागते. तीच आम्हाला हवी होती. चांगलं काम केलंय पठ्ठ्यांनी.

जिलियन : वाईट वाटतं?

सिरिल : ऑगस्टपर्यंत वाटत होतं. मग जाळी लावून कबुतरांपासून रोपं सांभाळता सांभाळता विसरलो. जिल, मी डिसेंबरमध्ये बागेत पडलो होतो.

जिलियन : काय?

सिरिल : याच वाफ्यात. काठी बांधायला वाकलो आणि उठताच येईना. दोन तास पडून होतो. मिसेस थर्कल कचरा टाकायला बाहेर आल्या, त्यांनी बघितलं.

जिलियन : आणि मला सांगितलं नाहीत? मी दर रविवारी इथे येते, बाबा! दर रविवारी विचारते, बरे आहात ना!

सिरिल : सांगितलं असतं तर बुधवारीही आली असतीस.

जिलियन : आलेच असते! आता मी इथेच येऊन राहते. नोकरी सोडते. कुठल्याही शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळेल मला.

सिरिल : नाही.

जिलियन : नाही काय? विचारत नाहीये मी.

सिरिल : स्पाल्डिंगला चर्चच्या मागे वृद्धांसाठी घरं आहेत ना, तिथली खोली मी घेतली. दारात राखणदार बाई असते, खोलीतली मदतीची दोरी ओढली की येते. गुरुवारी सही केली. एक तारखेला जातो.

जिलियन : मला न विचारता?

सिरिल : विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मला मनातून तेच ऐकायचं होतं, मग मी गेलोच नसतो. म्हणून नाही विचारलं.

जिलियन : आणि ही बाग?

सिरिल : मिसेस थर्कल मार्चपर्यंत तोडून खातील. पुढे या घरात नवीन माणसं येतील, ती काय करायचं ते करतील.

जिलियन : मला राग आलाय, बाबा. पण रागावण्याइतकी ताकद उरली नाही.

सिरिल : तुझे रविवार मला नकोत, पोरी. तुझ्या आईचे आणि तुझे पुष्कळ घेतले मी. महिन्यातून एकदा ये. ट्रेनने ये.

जिलियन : ट्रेन दोनदा बदलावी लागते.

सिरिल : मग ट्रेनमध्ये झोप. पुढच्या रविवारी काय करशील?

जिलियन : माहीत नाही. झोपेन.

सिरिल : झोप. दुपारी मी फोन करणार नाही.