कितवा हिरवा?

काका : नुसतं हिरवं दिसलं म्हणून भागत नाही, चिमणे. कितवं हिरवं?

चिमणी : काका, आल्या दिवसापासून हेच ऐकतेय. तिकडे दवाखान्याची लिफ्ट तिच्या तेलाला आपला होकार मिळावा म्हणून अडलीय. सारखे फोन येताहेत.

काका : येऊ देत. वर फिरती काच, खाली पोलादी गोळी, मधे तेल. केस उभा चिरून शेकडो पदर काढलेस, तर त्यातल्या एखाद्या पदराएवढा थर. त्याला पट्टी कुठली लावणार? म्हणून उजेड सोडायचा नि रंगावरून जाडी वाचायची.

चिमणी : वेग वाढेल तसा थर जाड होतो, रंग बदलतो. आधी काळपट. मग पिवळा, लाल, निळा, हिरवा. मग पुन्हा पिवळा, लाल, हिरवा. पहिल्या हिरव्याला तेलाचा थर पातळ, धातूला धातू घासणार. दुसऱ्याला लिफ्ट बिनघोर. पाठ आहे मला.

काका : पाठ तुझ्या बाबालाही होतं.

चिमणी : त्यांना कशाला मधे आणता?

काका : मी कुठे आणतोय? त्याच्याच खुर्चीत बसलीयस. खाणीत माणसं उतरवायच्या पाळण्याचं तेल तपासतानाही अशीच घाई होती. यंत्र थांबवून काळ्यापासून मोजायचं, तर चालत्या यंत्रावर हिरवा बघितला नि ‘चालेल’ म्हणाला.

चिमणी : तो पहिला होता?

काका : पाळणा कोसळला, माणसं गेली. तेल मातीत मिसळलं, मोजायचं कशावर? पुढे मरेपर्यंत रोज इथे येऊन मोजत बसायचा. जेवायला हाक मारली तरी उठेना.

चिमणी : म्हणूनच थांबवत नाही मी यंत्र. घरघर बंद झाली की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं.

काका : उभा आहेच की. मी.

चिमणी : तुम्ही समोर आहात, काका.

काका : …असू दे. मागे बघू नकोस, भिंगात बघ. कर बंद.

चिमणी : केलं. काळपट.

काका : आता हळूहळू वेग वाढव. लिफ्टच्या वेगाला पोचलीस की थांब.

चिमणी : पिवळा. लाल. निळा. हिरवा…

काका : पुढे?

चिमणी : पुढे नाही. वेग पुरा झाला. इथेच थांबलाय.

काका : नीट बघितलंस?

चिमणी : पहिलाच आहे, काका. आणि अगदी दुसऱ्यासारखा दिसतोय. मग बाबांनाही त्या दिवशी…

काका : फोन लाव, नाही म्हणून सांग, पोरी. कुणी लिफ्टमध्ये पाऊल टाकायच्या आधी.