वहिनीचं अर्धं वाक्य

...आणि वर सगळे म्हणतात, वहिनीचं काही चुकलं नाही! अहो, नाही चुकलं, मान्य, पण तिला पटलं पाहिजे ना? तिला पटतच नाही. चांगली शिकलेली, प्रयोगशाळेत नोकरी करणारी बाई, पण घरात अशी वावरते जणू हिने कुणाच्या घराला काडी लावलीय. आणि केलं काय, तर जेवताना एक वाक्य बोलली. तेही पूर्ण नाही. अर्धं वाक्य हो, अर्धं!

तुम्हाला सांगतो, वहिनीचं काम असं की आजारी माणसांच्या तोंडातलं यीस्ट आणायचं आणि वाढवायचं. पाव फुगवतं ते यीस्ट नव्हे, त्याचं वाया गेलेलं भावंड, जे तोंडात पांढरे चट्टे आणतं आणि घशापर्यंत मुक्काम ठोकतं ते. त्याला चपट्या बशीत खाऊपिऊ घालायचं, ते छान पसरलं की मधोमध कागदाची चकती ठेवायची, चकतीवर कुठल्यातरी झाडाच्या अर्काचा थेंब, लवंगेचा, दालचिनीचा, गवती चहाचा, आणि बशी उबेला ठेवून दुसऱ्या दिवशी बघायचं. चकतीभोवती स्वच्छ गोल दिसला की समजायचं, इथे यीस्ट वाढू शकलं नाही. गोल जेवढा मोठा तेवढी वहिनी खूश. घरी यायची तीच मुळी लवंग-दालचिनीचा वास घेऊन. दादा म्हणायचा, माझी बायको येत नाही, मसाल्याचा डबा येतो.

तर त्या संध्याकाळी गोल फारच मोठा आला होता. कितीतरी महिन्यांनी. ताटावर बसली आणि म्हणाली, "लवंगेच्या तेलाने सगळं यीस्ट साफ झालं, एक ठिपका उरला नाही, पण..." आणि दादाने मीठ मागितलं. बस्स. मीठ दिलं, मग मीठ जास्त झालं, मग त्यावर चर्चा झाली, आणि त्या 'पण'च्या पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. पुढे काय होतं ठाऊक आहे? प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर त्यांनी तोच थेंब माणसाच्या गालाच्या आतल्या पेशींवर टाकला होता, आणि त्याही साफ झाल्या होत्या. एक ठिपका उरला नव्हता.

आता आमच्या आईला कवळी. आणि कवळीखाली, टाळूला, तेच ते पांढरं आलेलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात धरायला थेंब दिले होते, रात्री कवळी काढून ठेवा म्हणाल्या होत्या. आईने थेंब चाखले, बेसिनमध्ये ओतले, आणि कवळी काढायला साफ नकार दिला, म्हणे झोपेत कुणी आलं तर? कोण येणार हो झोपेत? पण आईला विचारायची कुणाची हिंमत? आमच्या घरात आईच्या तोंडाचा पट्टा सकाळी चहाबरोबर सुरू होतो तो दिवे मालवेपर्यंत. टॉवेल असा का टाकला, दार असं का लावलं, दादा असा का बसला, मी मुळात का बसलो.

तिने ते अर्धं वाक्य ऐकलं. दुसऱ्याच दिवशी खाली उतरून औषधांच्या दुकानातून दाढदुखीवर देतात ती लवंगेच्या तेलाची बाटली आणली, कवळीला आतून सढळ हाताने तेल चोळलं आणि कवळी बसवली. झोंबलं असणारच. प्रचंड झोंबलं असणार. पण आई मनाशी म्हणाली, झोंबतंय म्हणजे मरतायत मेले. आणि रोज लावत राहिली.

आणि आई गप्प झाली.

इथे खरी गोम आहे बघा. घरात शांतता. टॉवेल कसाही टाका. दादा सोफ्यावर आडवा होऊन क्रिकेट बघायला लागला, मी दुपारी झोपायला लागलो, आणि वहिनी... वहिनी गुणगुणायला लागली हो! भाजी चिरताना! मला हळूच म्हणाली, आई अलीकडे किती निवळल्यात नाही? मी म्हटलं, वय. दादा म्हणाला, देवाची कृपा. कुणी म्हणून विचारलं नाही की ही बाई बोलत का नाही, आणि ताटात अर्धं का टाकते. वास? वास तर घरभर होता, पण वहिनी रोज तोच वास घेऊन यायची, त्यामुळे कुणाच्या नाकाला वेगळं काही जाणवलंच नाही.

मग सुट्टीचा दिवस आला. वहिनी घरीच, डोक्यावरून न्हालेली, धुतलेले कपडे, आणि तरी लवंग दरवळतेय. ती स्वतःचा हात हुंगते, ओढणी हुंगते, पडदा हुंगते... असं करत करत आईच्या खोलीत गेली, आणि खिडकीत ती बाटली. जवळजवळ रिकामी. अर्धं वाक्य तिथे असं उभं होतं, बूच लावून!

तोंड उघडा म्हणाली. आईने मान हलवली. पुन्हा म्हणाली, तर आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. शेवटी वहिनीने पाय धरले, तेव्हा आईने कवळी काढून आ केला. तुम्हाला सांगतो, मी मागून पाहिलं आणि मला बघवलं नाही. टाळू सोलून निघालेली, लालभडक, आणि कडेला पांढरे चट्टे तसेच, मजेत. वहिनी जमिनीवर बसली आणि रडायला लागली. दादाने क्रिकेट बंद केलं. मी उगाचच दुपारी अंथरलेली चटई गुंडाळून ठेवली. जिथे आम्ही निवांत होतो ना, तिथे आई जळत होती, आणि आम्ही तिघंही मनातल्या मनात तिचे आभार मानत होतो.

डॉक्टरीणबाईंनी तोंडात बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. निव्वळ तेल असं लावायला कुणी सांगितलं, म्हणून विचारलं. वहिनी उभी राहिली आणि म्हणाली, "मी." त्यावर आई, जिला धड पाणी गिळवत नव्हतं, ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"तिने नाही सांगितलं. माझं मी लावलं. तिला बोलायचं नाही."

मग थंड मऊ खाणं, तेच बेसिनमध्ये ओतलेले थेंब नव्याने, रात्री कवळी बाहेर. हळूहळू टाळू भरून आली, चट्टे गेले, चव परतली. आणि एका सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, हा टॉवेल इथे कुणी टाकला? दादा धावत जाऊन तिच्या पाया पडला, तर त्यावरूनही बोलणी बसली.

सगळं पूर्ववत. फक्त वहिनी नाही. आता तिच्याच्याने 'पण'शिवाय वाक्य होत नाही. चहा झाला का विचारा, झाला, पण गरम आहे, पण फार गार करूनही चांगला नाही... अर्धं वाक्य म्हणून सोडत नाही हो ती आता, चहा निवतो! आणि आतून पोखरतेय, कारण आई सगळ्यांना बोलते, तिला मात्र एक शब्द नाही. ज्याला त्याला सांगते, माझी सून यीस्टचं औषध शोधतेय, हुशार आहे पोर. वहिनीला हे सहन होत नाही. तिला एकदा, एकदाच, सणसणीत बोलणी हवी आहेत. परवा मला म्हणाली, भावजी, आई एकदा ओरडल्या ना, तर मी नीट झोपेन.

म्हणून आता ती मुद्दाम दूध उतू घालवते. शेगडीसमोर उभी राहून, हाताची घडी घालून, डोळ्यांदेखत. आई येते, ओट्यावरचं दूध बघते, वहिनीच्या पाठीवरून हात फिरवते, दमलीस गं म्हणते, आणि वळते.

आणि मग बोलणी मी खातो.