ट्यूब बदलली, एवढंच

आणि वर मलाच विचारतो, "अगं, आवाजात फरक कळतोय ना?" तुम्हाला सांगते, गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये कुणी कुणाचा आवाज एवढा जीव लावून ऐकला नसेल, जेवढा माझा नवरा आल्हाद त्या गिटारच्या अ‍ॅम्पचा ऐकतो! जुन्या धाटणीचा अ‍ॅम्प, आत काचेच्या ट्यूब, त्यातली एक उलटसुलट वीज सरळ करून देणारी, रेक्टिफायर म्हणे, ती गेली... घरात सुतकच! सासूबाई म्हणाल्या, "बल्ब ना रे? कोपऱ्यावर मिळेल." झालं! तणतणत चपला घातल्या. मग मित्राकडची वेगळी ट्यूब आणली, पोळ्यांच्या फडक्यात धरून बसवली, वाजवलं, आणि डोळ्यांत पाणी. "पिना त्याच, सॉकेट तेच, पण हा तो आवाज नाही गं, अपूर्वा!"

अपूर्वा म्हणजे मी. माहेरची तृप्ती. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं यानंच काढलं नवं नाव, कारण सासूबाईंचं म्हणणं, "आल्हाद-अपूर्वा, जोडीला कसं शोभतं!" मला विचारायचं तेवढं राहिलं... बसलं ना? बसलंच. पिना त्याच, सॉकेट तेच.

मग त्यानं अस्सल ट्यूब मागवली, माझ्या मोबाइलवरून, त्यात नाव अजून जुनंच. कुरिअरवाला आला तेव्हा मी पंचवटीत भाजी घेत होते. सासूबाईंनी दारातूनच, "तृप्ती? इथे कुणी तृप्ती राहत नाही हो!" गेली ट्यूब परत! आल्हाद असा ओरडला, "आई! तृप्ती म्हणजे हीच ना! आपली तृप्ती!" मेथी निवडता निवडता माझा हात थांबला... लग्नानंतर या घरात पहिल्यांदा माझं नाव, तेही ट्यूबसाठी! सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, हो की! विसरलेच मी." रागावणार कशी? खरंच विसरल्या होत्या हो.

मी धीर करून म्हटलं, "आल्हाद, तृप्तीच म्हण ना मला." तर हसला, प्रेमानंच हं... "होईल गं सवय. नावाचं काय, तू तीच ना!" म्हणजे ट्यूबची सवय याला होत नाही, आणि मला मात्र होईल! पिना त्याच, सॉकेट तेच...

काल पार्सल पुन्हा आलं. दार मीच उघडलं. "तृप्ती कोण?" आणि तुम्हाला सांगते, मी... मी वळून आत बघितलं हो, कोण आहे ते! कुरिअरवाला बिचारा घाईत, "मॅडम, आहेत का त्या घरात?"

म्हटलं, "नाहीत. द्या, मी घेते."