डावीकडचा पट्टा

सासरे: पुसलंय ते. उगाच खोड काढू नकोस.

सून: बाबा, अजून पांढरं दिसतंय. दाराच्या कडेला, वरपासून खालपर्यंत.

सासरे: वॅक्स वाळलं की पांढरं पडतंच. मग मऊ फडक्याने पुसायचं, की खालून रंग चमकतो. सकाळपासून तेच तर करतोय. ही सहलीची गाडी आहे का मैदान? आत दोन पलंग, शेगडी, नि बाहेर हा एवढा पत्रा.

सून: पण दार तर तुम्ही तासाभरापूर्वी केलंत.

सासरे: म्हणून तर पुढे सरकलोय. उद्या सहाला निघायचंय आणि तू मुकादमासारखी मागे फिरतेयस. सासूबाईंनी पाठवलं का?

सून: त्या आत डबे भरतायत. मी छोटीचं अंथरूण ठेवायला आले.

सासरे: माझ्या मागच्या सीटजवळ ठेव. आजोबा गाडी कशी चालवतात ते बघायचंय म्हणे तिला. तीस वर्षं बस चालवली, एवढ्या कौतुकाने कुणी बघितलं नाही.

सून: बाबा, हेही तसंच राहिलंय. खिडकीखालचा पत्रा.

सासरे: कुठे?

सून: हे काय, माझ्या बोटाखाली. वीतभर पट्टा.

सासरे: अरे, हो की. नवा डबा भिकार निघाला. कुठे धरतं, कुठे नाही.

सून: आणि सामानाच्या कप्प्याचं झाकण. तिथेही.

सासरे: राहिलं असेल. वय झालं आता, तुझ्याइतकी बारीक नजर कुठून आणू?

सून: मधे एकही डाग नाही. उजवीकडे माझा चेहरा दिसतोय. फक्त डावीकडे राहिलंय. प्रत्येक पत्र्याच्या डावीकडेच.

सासरे: मग तिथे फडका मार की. बोलण्यात वेळ का घालवतेस?

सून: परवा फाटकाच्या खांबाला आरसा घासला, तो कुठला?

सासरे: फाटक अरुंद आहे.

सून: डावा ना?

सासरे: तुझी शाळा सुटली की घरी कशाला घेतेस तास? जीवशास्त्राचं पुस्तक तिथेच ठेवून येत जा.

सून: एकच मिनिट. फडका ठेवा. माझ्यासमोर उभे राहा आणि माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही.

सासरे: नाक छान आहे. झालं?

सून: बाबा.

सासरे: बरं, बघतोय.

सून: किती बोटं?

सासरे: दोन. ही काय परीक्षा झाली?

सून: आता?

सासरे: दाखव तर आधी.

सून: नाकाकडेच बघताय ना?

सासरे: नाकाकडेच बघतोय. बोटं दाखव म्हणतोय मी.

सून: दाखवतेय.

(तिचा उजवा हात त्यांच्या डाव्या बाजूला वर धरलेला आहे, चारही बोटं पसरलेली. सासरे मान वळवतात.)

सासरे: मान वळवली की दिसतंय. हे बघ, चार.

सून: न वळवता?

सासरे: मला काही काळं वगैरे दिसत नाही गं. सगळं नेहमीसारखंच आहे.

सून: म्हणूनच कळलं नाही तुम्हाला. काही दुखलं होतं का? चक्कर, डोकं?

सासरे: सोमवारी दुपारी डोकं ठणकलं. डावा हात जरा बधिर झाला होता, तोही झोपून उठल्यावर ठीक झाला.

सून: आज शुक्रवार आहे. आईंना सांगितलंत?

सासरे: सांगितलं असतं तर तिने सहल मोडली असती. चार वर्षं नुसती म्हणतेय, निघू या. या वेळी स्वतःहून पिशव्या काढल्या तिने.

सून: आणि छोटी? तिला मागे बसवून नेणार होता तुम्ही.

सासरे: मान वळवून चालवेन. सावकाश. शंभरदा वळवेन.

सून: डावीकडून सायकलवर कुणी आलं तर? मी तिला नाही पाठवणार, बाबा. आणि तुम्हालाही नाही जाऊ देणार. रागवा हवं तर.

सासरे: रागवत नाही. तिला सोडणार नाहीस, ते बरोबरच आहे. माझ्या बसमध्ये असा ड्रायव्हर असता तर मीच त्याला खाली उतरवला असता.

सून: आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ. माझ्या गाडीने. मी आईंना हाक मारते.

सासरे: घाबरवू नकोस तिला. हे वॅक्स असंच राहिलं तर दगड होईल, आधी एवढी बाजू—

सून: होऊ दे. परत लावू, परत पुसू. डोक्यातलं आधी बघू या.

सासरे: मोठंच काही असेल का गं?

सून: माहीत नाही. खोटं नाही सांगणार.

सासरे: माझा हात थंड झालाय.

सून: माझाही. चला, धरा.

सासरे: थांब. या बाजूने ये, उजवीकडून. म्हणजे दिसत राहशील.